काळीत शेत, पांढरीत घर

इमारतीचा आराखडा करण्यापूर्वी वास्तुरचनाकार ऊन, वारा, पाणी, रस्ता पाहतो. खानदेशात मात्र पहिला प्रश्न मातीचा असावा, असे माझे मत आहे. आपल्या गावांनी तो तसाच मानला होता.

जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग: काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. तापी-गिरणेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. कापसाला ती मानवते, घराच्या पायाला नाही. पांढरीला तिचा रंग बऱ्याच अंशी वस्तीनेच दिला आहे: पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, ढासळलेल्या भिंती. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ पांढरीचे टेकाड शोधतात. जळगाव जिल्ह्यातील बहाळ आणि तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील प्रकाशे येथे १९५०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले.

धाब्यावर पसरायची मातीही हीच. तुळया, त्यांवर कड्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. म्हणून मे महिन्यातही खाली गारवा. (या मातीसाठी कित्येक टेकाडे खणली गेली, हे दुःख वेगळे.)

आज जळगाव-धुळ्याभोवती काळीतच भूखंड पडत आहेत. इलाज आहे: काळी उपसून मुरूम भरणे, किंवा स्थिर थरापर्यंत पोहोचणारे, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब. पण तो खर्च आराखड्यातच धरावा लागतो; भिंतीला तडा गेल्यावर नव्हे. प्लॉट घेताना रस्त्याची रुंदी विचारणाऱ्यांनी किती फुटांवर मुरूम लागतो, हेही खड्डा खणून पाहावे.