शिट्टी काढलेला कुकर

मागच्या पावसाळ्यात माझ्यातला मेकॅनिकल इंजिनियर अचानक जागा झाला. (डिग्री मेकॅनिकलची, पोट मात्र जावावर. पुण्यात हे सांगायला लाज वाटत नाही, निम्मं ऑफिस तसंच असतं.) गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा माजला होता, माळ्यावर पाच लिटरचा जुना कुकर पडला होता आणि एका मित्राने व्हिडिओ पाठवला होता. घरच्या कुकरचा डिस्टिलेशन बॉयलर, खर्च जवळपास शून्य! गवती चहाचा अर्क काढा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पण घरीच करा. अजून काय पाहिजे?

शिट्टी काढली, तिच्या नळीवर सिलिकॉनचा पाइप चढवून क्लॅम्प आवळला, पुढे तांब्याच्या नळीचं वेटोळं बादलीत सोडलं. अर्धा तास थेंब थेंब अर्क पडला. घरभर काय वास सुटला राव! मग थेंब बंद झाले. मला वाटलं आच कमी पडतेय, म्हणून गॅस मोठा केला.

तीनेक मिनिटांत सेफ्टी वॉल्व्ह उडाला. छतावर गवती चहा, भिंतीवर गवती चहा. आई नुकतीच दूध घ्यायला दारात गेली होती म्हणून वाचली. पातीचा तुकडा शिट्टीच्या नळीच्या आतल्या तोंडाशी अडकला होता, एवढंच झालं होतं.

तर मंडळी, मुद्दा असा, की हे असले बॉयलर बनवू नका. आणि 'जुगाड' म्हणून त्यांचं कौतुक तर अजिबात करू नका.

मित्राचा युक्तिवाद होता, "अरे, पाइप उघडा असताना प्रेशर येतंच कुठे?" बरोबर आहे. पण सगळा डोलारा त्या एका 'असताना'वर उभा आहे. काही मिलिमीटरच्या भोकात पाती, पाकळी, फेस, काहीही अडकू शकतं. पाइप दुमडू शकतो. एका जागी बिघडलं की सगळं कोसळणारी सिस्टिम आपण ऑफिसात रिव्ह्यूमध्ये पास करू का? मग तीच सिस्टिम आईच्या ओट्यावर का चालते?

"पण कुकर प्रेशरसाठीच तर बनवलाय!" हा पुढचा युक्तिवाद. हो, पण शिट्टीसकट. शिट्टीचं वजन ठरलेल्या प्रेशरला उचललं जातं, वाफ सोडतं आणि वर ओरडून सांगतं की मार्ग मोकळा आहे. शिट्टी यायला उशीर झाला की आई हातातलं काम टाकून गॅसकडे बघते. हे मॉनिटरिंगच झालं की! ते काढून तुम्ही मुका पाइप लावता. मग थेंब थांबले तर आच कमी आहे की भोक बुजलंय, हे कळणार कसं? मला नाही कळलं. आणि मी केला तो उपाय नेमका उलटा होता.

आता जरा आकडे. शिट्टी होते तेव्हा कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त प्रेशर असतं आणि आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास. झाकण 20 सेंटिमीटर व्यासाचं धरा, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर. झाकणावर आतून 300 किलोंच्या वर जोर! भोक बुजलं की याच्याही पुढे जातो. तो अडवायला उरतो एकटा सेफ्टी वॉल्व्ह. त्या व्हिडिओतल्या महाशयांनी तोच काढून तिथे थर्मामीटर बसवला होता. याला जुगाड म्हणत नाहीत, याला बॉम्ब म्हणतात.

गंमत म्हणजे हा फरक कायद्याला कळतो. आपल्याकडे 1923 चा बॉयलर कायदा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. बॉयलरची व्याख्या साधारण अशी, की ज्या भांड्यात दाबाखाली वाफ तयार होते आणि ती भांड्याबाहेर वापरली जाते, तो बॉयलर. कुकर आपली वाफ आतच वापरतो. तुम्ही पाइप जोडलात की त्याची जातच बदलते. 25 लिटरपेक्षा लहान भांडी कायद्याने वगळली आहेत, म्हणून इन्स्पेक्टर दारात येत नाही एवढंच. वाफेला लिटर मोजता येत नाहीत.

ज्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच 'तीर्थ' आहे त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. आणि पाण्याची वाफ भाजते, अल्कोहोलची वाफ पेट घेते. रबरातून ती निसटणार आणि खाली गॅस पेटलेला. असो.

"आपले पूर्वज नव्हते का घरोघरी अर्क काढत?" काढत होते ना. कन्नौजची देग-भपका पद्धत बघा. तांब्याची देग, बांबूची नळी, पाण्यात ठेवलेला भपका आणि झाकणाच्या फटीला माती-कापसाचा लिंपण. दाब वाढला तर आधी लिंपण सुटतं. लॉक होणारं झाकण नाही, पोलादी क्लॅम्प नाही. शिवाय आचेजवळ माणूस बसलेला असतो, मोबाइल बघत नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच तर हे घ्या.

आणि अर्क हवाच असेल तर साधं पातेलं घ्या. पाणी, गवती चहा, मधोमध उंच बैठकीवर वाटी, झाकण उलटं, वर बर्फ. वाफ झाकणाला लागून थेंब वाटीत पडतात. वाफ कोंडायला जागाच नाही, जास्त झाली तर झाकण उचलून निघून जाते. मी आता असाच काढतो. वाटीभर निघतो, पुरतो. बॅटरीचं पाणी मात्र दुकानातून आणतो. एक लिटर गाळायला साधारण 90 ग्रॅम गॅस आणि वेटोळं थंड ठेवायला बादलीभर पाणी जातं, हा हिशोब मी छत पुसून झाल्यावर केला. आधी करायला हवा होता.

कुकर आता परत वरण-भाताच्या कामाला लागलाय. नवीन सेफ्टी वॉल्व्ह आईने स्वतः दुकानात जाऊन आणला. माझ्यावर विश्वास नाही म्हणे. बरोबरच आहे तिचं.