मनगटावरील पेस : आकडा वाचण्यापूर्वी

प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी एका औषधविक्रेत्या स्नेह्यांना दिलेला सल्ला चुकला. त्या चुकीची कबुली देऊनच या विषयाला हात घालणे उचित ठरेल. स्नेह्यांचे वय ५२, रक्तदाब आटोक्यात, वर्षभराच्या नियमित चालण्यानंतर मंद धावण्यापर्यंत प्रगती झालेली. मुलाने भेट दिलेले जीपीएस घड्याळ पुढे करून त्यांनी विचारले, ‘वैद्यराज, कोणत्या पेसने धावू?’ मी त्यांच्या मागील नोंदी चाळल्या आणि ‘साडेसातचा पेस ठेवा, त्यात फार वर-खाली होऊ देऊ नका’ असे सांगून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी ते लंगडत आले. डाव्या पोटरीचा स्नायू ताणला गेला होता. चौकशी करता कळले की, माझी सूचना त्यांनी अक्षरशः पाळली होती आणि त्यातूनच हे दुखणे उद्भवले होते.

ते पहाटे नळ स्टॉपकडून डेक्कनच्या दिशेने कर्वे रस्त्यावर धावतात. तेथे डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. पुलाखाली आले की घड्याळ नऊ-साडेनऊ दाखवी आणि हे जिवाच्या आकांताने वेग वाढवीत. पुढे थोडे आकाश मोकळे झाले की तेच घड्याळ सहा दाखवी आणि हे घाबरून पाय रोखून धरीत. अशी ओढाताण रोज पाऊण तास चाले. शरीर मात्र प्रारंभापासून बहुधा साडेसातच्याच चालीने निघालेले असे.

पेस म्हणजे एक किलोमीटर अंतर कापण्यास लागणारा वेळ. वेग वाढला की हा आकडा घटतो, ही साधी गोष्टही अनेक रुग्णांना सांगावी लागते. पेस हे वेगाचे व्यस्त प्रमाण आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय घड्याळाचे वर्तन समजत नाही. साडेसातचा पेस म्हणजे सेकंदाला सुमारे २.२२ मीटर. आता समजा, एका सेकंदाच्या मोजणीत घड्याळाची अर्ध्या मीटरची चूक झाली. चूक उणे बाजूस असेल तर पडद्यावर ९ मिनिटे ४१ सेकंद उमटतील. अधिक बाजूस असेल तर ६ मिनिटे ७ सेकंद. चूक दोन्हीकडे अर्ध्या मीटरचीच; परंतु मंद बाजूस आकडा २ मिनिटे ११ सेकंदांनी ढळतो आणि जलद बाजूस केवळ १ मिनिट २३ सेकंदांनी. म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंना सारखेच चुकत असले, तरी धावणाऱ्याच्या डोळ्यांना ‘मी मागे पडलो’ हाच भास अधिक तीव्रतेने होतो. पन्नाशीच्या, नव्यानेच धावू लागलेल्या माणसास हा भास कोठे नेतो, हे माझ्या स्नेह्यांच्या पोटरीने दाखवून दिले.

अर्ध्या मीटरची चूक ही काही अतिशयोक्ती नव्हे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे क्षीण संकेत पकडून घड्याळ स्वतःचे स्थान ठरविते. नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळली जाणारी अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये थांबविली, म्हणून तर हे मनगटी यंत्र सर्वसामान्यांच्या उपयोगी पडू शकले. तरीही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरचा फरक राहतोच. उंच इमारती, पूल आणि दाट वृक्षराजी यांमुळे संकेत अडतो किंवा भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने पोहोचतो आणि घड्याळ आपल्याला रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवते. संकेताच्या वारंवारितेत गतीमुळे पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग थेट काढण्याची सोय असते. शिवाय घड्याळ काही सेकंदांच्या मोजण्या एकत्र करून आकडा गुळगुळीत करते. यामुळे उड्या कमी होतात, पण आकडा मागे राहतो. आपण वेग वाढविला तरी पडदा काही क्षण जुनाच पेस दाखवितो. म्हणून आपण आणखी वाढवितो, आणि आकडा येतो तेव्हा अतिरेक होऊन गेलेला असतो.

यावरून काही व्यवसायबंधू हे घड्याळ खुळखुळ्यात काढतात. ते मला मान्य नाही. तेच यंत्र, तोच पूल. पण मोजणी एका सेकंदाऐवजी एका पूर्ण किलोमीटरची घेतली, तर चित्र पालटते. किलोमीटरमागे १० मीटरची चूक झाली तरी साडेसातच्या पेसमध्ये साडेचार सेकंदांचाच फरक पडतो. रक्तदाबमापक विकताना आपले औषधविक्रेते गिऱ्हाइकास पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजण्यास आणि एकाच आकड्यावर विसंबू नये असे आवर्जून सांगतात. घड्याळाच्या बाबतीत हीच सावधगिरी आपण का विसरतो, हा माझा प्रश्न आहे आणि तो प्रथम मलाच लागू आहे.

रुग्ण ‘माझा पेस सात आहे’ म्हणाला की, ‘कोणता सात?’ असे विचारावयास हवे. घड्याळात या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू असतात. तात्कालिक पेस या क्षणाचा, म्हणून सर्वांत चंचल. लॅपचा पेस चालू किलोमीटरच्या आरंभापासूनचा. पहिले शेदोनशे मीटर सोडले तर पुरेसा स्थिर. सरासरी पेस संपूर्ण धावेचा; तो विश्वासार्ह खरा, पण या घटकेला आपण काय करीत आहोत हे उत्तरार्धात तो सांगत नाही. शिवाय घड्याळात आपोआप थांबण्याची सोय चालू असेल, तर सिग्नलला किंवा धाप लागून रुग्ण पाच वेळा उभा राहिला, हे सरासरीत दिसतच नाही. त्या पाच थांब्यांतच वैद्याला हवी असलेली माहिती असते. नोंदीतील एकूण लागलेला वेळ आणि हलता वेळ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय मी आता लावून घेतली आहे.

सरासरीचा आणखी एक सापळा आहे. अर्धा तास सहाच्या पेसने धावून पुढचा अर्धा तास दहाच्या पेसने चालणारा रुग्ण आपली सरासरी आठ असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात तो ५ अधिक ३ असे ८ किलोमीटर अंतर ६० मिनिटांत कापतो. म्हणजे सरासरी साडेसात. पेसची बेरीज करून भागाकार करणे केवळ समान अंतरांसाठी चालते, समान वेळांसाठी नव्हे. धावणे आणि चालणे आलटून-पालटून करावयास सांगितलेल्या रुग्णांच्या वह्यांत ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

आता मॅरेथॉनवीरांकडे वळू, कारण जानेवारी आला की मुंबईच्या स्पर्धेची तयारी करणारे आपल्याकडे येतातच. अधिकृत मार्ग हा शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरलेला असतो. गर्दीत वळणे घेत धावणाऱ्याचे पाय त्याहून अधिक चालतात. त्यात घड्याळाची स्वतःची वाढ मिसळते. ४२.१९५ किलोमीटरच्या शेवटी घड्याळावर ४२.७ दिसणे मुळीच नवलाचे नाही. अशा धावपटूने घड्याळाप्रमाणे काटेकोर सहाचा पेस राखला, तर त्यास ४ तास १६ मिनिटे १२ सेकंद लागतील. त्याने घरी केलेला हिशेब मात्र ४ तास १३ मिनिटे १० सेकंदांचा असतो. ही तीन मिनिटे भरून काढण्यासाठी अखेरच्या टप्प्यात छाती फुटेस्तोवर धावणारे लोक मी पाहिले आहेत. रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकाशी स्वतः कळ दाबून लॅप घ्यावा, एवढे सांगितले तरी हा घोळ टळतो.

ट्रेडमिलवर उपग्रहाचा प्रश्नच नसतो. तेथे घड्याळ हाताच्या हेलकाव्यांवरून अंदाज बांधते. गुडघेदुखीचा रुग्ण कठडा धरून चालत असेल, तर तो अंदाज कोलमडतो. तेथे यंत्राच्या पट्ट्याचा आकडाच घ्यावा.

पेस आणि श्रम यांची गल्लत हा याहून गंभीर भाग. वेताळ टेकडीच्या चढावर नऊचा पेस आणि सपाटीवर सातचा पेस यांत अधिक दमविणारा कोणता, हे घड्याळ जाणत नाही. ऑक्टोबरचे ऊन, रात्रीचे जागरण किंवा नुकताच उतरलेला ताप यांचीही त्यास वार्ता नसते. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात अर्धशक्तीची जी खूण सांगितली आहे, ती श्वासाची आहे. रुग्णास धावताना पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, हे विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. म्हणून ‘अमुक पेसने धावा’ असा आदेश देणे मी थांबविले आहे. श्वास हा आधी, किलोमीटरचा पेस त्याची नोंद म्हणून नंतर. महिन्याभराने त्याच मार्गावर, त्याच बेताच्या श्वासात लॅपचा पेस दहा-पंधरा सेकंदांनी सुधारला असेल, तर ती प्रगती मी खरी मानतो. मार्ग बदलला असेल, तर मानत नाही.

स्नेह्यांची पोटरी सहा आठवड्यांत पूर्ववत झाली. त्यांच्या घड्याळातील तात्कालिक पेसचा रकाना मी त्यांच्याच हातून काढवून घेतला. आता पडद्यावर लॅपचा पेस, अंतर आणि वेळ एवढेच दिसते. पुलाखालचा रस्ता मात्र त्यांनी सोडलेला नाही. दुकान त्याच वाटेवर आहे.