पुण्याची लस, नानोरोची मुलं

२०२५च्या गणपतीत इथे नॉटिंगहॅममध्ये एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. ऋषीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना कुणीतरी म्हणालं, “मलेरियाची लस शेवटी आपल्या पुण्यानेच दिली जगाला!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

ते खोटं नाही. आर-२१ ही लस ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तिचं उत्पादन करते. वर्षाला दहा कोटी डोसांची क्षमता, डोसाची किंमत चार डॉलरच्या आत. अभिमान वाटलाच पाहिजे. पण लस बनवणं वेगळं आणि ती चालते हे कळणं वेगळं. ते कळलं कुठे, हे तुम्हाला माहीत आहे का?

नॉटिंगहॅममध्ये तर कळणं शक्यच नव्हतं. मलेरियावरचं मोलाचं संशोधन इथेही होतं. क्वीन्स मेडिकल सेंटरच्या आवारातून ट्रॅम उंचावरून जाते, तिथेच प्रा. रीता तिवारी यांचा गट मलेरियाच्या परजीवीची पेशी कशी विभागते याचा अभ्यास करतो. रक्ताबरोबर परजीवीची नर पेशी डासाच्या पोटात गेली, की पंधरा-एक मिनिटांत ती आपला डीएनए तीन वेळा दुप्पट करते आणि तिच्यातून शेपटीवाले आठ नर युग्मक वळवळत बाहेर पडतात. ही घाई कशी साधते हे समजलं तर परजीवीला डासातच अडवता येईल. पण हे काम प्रामुख्याने उंदरांना होणाऱ्या मलेरियावर चालतं. एखादी लस दोन वर्षांच्या मुलाला तापापासून वाचवते का, हे विचारायचं तर जिथे मुलांना मलेरिया होतो तिथेच जावं लागतं.

ते ठिकाण म्हणजे नानोरो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातलं हे छोटंसं गाव राजधानी वागादुगूपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, पण मलेरियाचे रुग्ण वर्षाला अंदाजे ऐंशी लाख. २०१९ साली डॉ. हालिदू टिंटो यांच्या चमूने नानोरोत पाच ते सतरा महिन्यांच्या ४५० मुलांवर आर-२१ची चाचणी सुरू केली. काही मुलांना मलेरियाची लस, काहींना तुलनेसाठी रेबीजची. कुणाला कोणती दिली हे आईवडिलांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. मग वर्षभर पाठपुरावा. ताप आला की रक्त घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजायचे, नोंद करायची, औषध द्यायचं. या मोजणीतून २०२१ साली ७७ टक्के हा आकडा आला. जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलेलं ७५ टक्क्यांचं लक्ष्य गाठणारी ही पहिलीच मलेरिया लस. पुढची ४,८०० मुलांची चाचणी बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाली. ती चालू असताना बुर्किना फासोत २०२२च्या एकाच वर्षात दोनदा लष्कराने सत्ता उलथवली. तरीही नोंदी होत राहिल्या.

तर माझं म्हणणं असं, की या लसीच्या श्रेयात सर्वांत महागडा वाटा नानोरोचा आहे आणि आपण नेमका तोच विसरतो.

ही नुसती मानापमानाची गोष्ट नाही. चाचणी केंद्र म्हणजे परजीवी ओळखणारी सरावलेली नजर, न बंद पडणारे फ्रीजर आणि घरोघरी ओळख असलेल्या परिचारिका. एक चाचणी संपून दुसरी सुरू होईपर्यंत ही माणसं टिकवायला पगार लागतात. कारखाना पैसे आले की पुन्हा सुरू करता येतो. पांगलेली माणसं आणि गावाचा विश्वास असा परत येत नाही. आणि नेमका हाच पैसा आता आटतो आहे. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या गावी या संस्थेला पुढच्या पाच वर्षांसाठी १२५ कोटी पौंड कबूल केले, आधीपेक्षा कमी. अमेरिकेने तर यूएसएडच बंद केली. २०२३ साली मलेरियाने जगात सुमारे ५,९७,००० माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, तिथल्या सरकारालाच संशोधन नको असेल तर? प्रश्न रास्त आहे. आमच्या गणपतीच्या जेवणाच्या आठवडाभर आधीच बुर्किना फासोच्या लष्करी सरकारने ‘टार्गेट मलेरिया’ हा प्रकल्प थांबवला. डासांच्या जनुकांत बदल करून त्यांची संख्या घटवता येईल का, हे तो तपासत होता. २०१९मध्ये बाना गावात वांझ नर डास सोडून झाले होते. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. पण हसण्याआधी आपलं आठवा. १९७५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून सोनीपतला वांझ डास सोडणार होत्या. पैसा अमेरिकेचा होता. हे जैविक युद्धाचं संशोधन असल्याचा गवगवा झाला, प्रकरण संसदेत पोचलं आणि प्रयोग बारगळला. आपण काही अडाणी नव्हतो. बाहेरच्या पैशाने आपल्या अंगणात काही होतंय आणि ते नीट सांगितलं जात नाहीये, अशी शंका आली की माणसं दार लावून घेतात. म्हणून संशोधन टिंटोंसारख्या तिथल्याच माणसांच्या हातात असणं मला महत्त्वाचं वाटतं. प्रश्नही त्यांनीच ठरवावेत.

गडचिरोलीचा विषय इथे निघणारच. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार तोच जिल्हा उचलतो आणि भारताच्या लसीकरणात ही लस नाही. ती तिथे द्यावी का? आफ्रिकेत मुख्यतः लहान मुलं दगावतात, म्हणून ती लहान मुलांसाठी तपासली. गडचिरोलीत ताप मोठ्यांनाही येतो. नानोरोचं उत्तर धानोऱ्याला उचलून लावता येणार नाही, तिथली मोजणी तिथेच करावी लागेल.

तोवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट करता येते. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असला, तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथल्या संसदेच्या निवडणुकीत आपल्याला मत आहे; आपल्या मंडळींपैकी कितीतरी जणांनी नावच नोंदवलेलं नसतं. ते नोंदवा आणि मदतीच्या कपातीबद्दल आपल्या खासदाराला पत्र लिहा. मी गेल्या आठवड्यात लिहिलं. पहिल्या मसुद्यात सीरमचं नाव दोनदा आलं होतं आणि नानोरोचं एकदाही नव्हतं. मग तो परिच्छेद पुन्हा लिहिला.