सर्जनचे तारे मोजू नका, प्रश्न विचारा

गेल्या महिन्यात सूर्यमाळचे एक गृहस्थ हर्नियासाठी माझ्याकडे आले. सोबत नाशिकला कंपनीत असलेला भाचा. मी सर्जनचे नाव सुचवणार, तोच त्याने मोबाईल पुढे केला. "सर, मामांचं इथंच करायचं ठरवलंय. ४.९ स्टार आहेत."

मी तिथले अभिप्राय वाचले. खूश झालेल्यांनी लिहिले होते : स्टाफ प्रेमळ, रूम स्वच्छ, डॉक्टर हसून बोलतात. चिडलेल्यांनी : दोन तास बसवून ठेवले, पार्किंग नाही, बिल सांगितले त्यापेक्षा जास्त. ऑपरेशनबद्दल मात्र दोनच शब्द : 'ऑपरेशन सक्सेसफुल'.

म्हणून स्पष्टच सांगतो. तारे पाहून सर्जन निवडू नका. काही तारे डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर आग्रहाने मागून घेतलेले असतात, ते सोडा. अगदी मनापासून दिलेले तारेसुद्धा सेवेचे असतात, शस्त्रक्रियेचे नसतात.

आत जाळी नीट बसली की नाही, हे तुम्हाला कसे दिसणार? जखमेत जंतुसंसर्ग झाला तर तो महिनाभरात कधीही डोके वर काढतो. जाळी बसवली असेल तर ९० दिवस लक्ष ठेवावे लागते. हर्निया पुन्हा झाला तर ते काही वर्षांनीही कळते. अभिप्राय मात्र घरी जातानाच लिहून होतो.

२०१२ साली अमेरिकेत फेंटन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५२ हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या. डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्या गटात रुग्णालयात भरती, खर्च आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त निघाले. समाधानामुळे मृत्यू होतो, असा याचा अर्थ नाही. पण समाधान म्हणजे चांगले उपचार, हे समीकरण मात्र त्याने मोडते.

आणखी एक गोष्ट. जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून किंवा नाशिकच्या सिव्हिलमधून बरा होऊन गेलेला मजूर तारे द्यायला बसत नाही. दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर असतो. टाके पिकले तरी त्याची तक्रार कुठे उमटत नाही. मग तुम्ही मोबाईलवर वाचता तो अनुभव नक्की कोणाचा?

आता थोडे आम्हा डॉक्टरांविषयी. 'पेशंटला काय कळतं?' म्हणून हे अभिप्राय उडवून लावणारे चुकतात. 'कोणी नीट सांगितलं नाही' ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि ती खरी असते. कसे वागवले, हे रुग्णाइतके कोणालाच कळत नाही. अभिप्राय वाचायचे ते तेवढ्यासाठीच.

सर्जन निवडताना समोर बसून हे विचारा :

१. ऑपरेशन आत्ता केले नाही तर काय होईल?
२. तुम्ही स्वतः करणार का? अशी ऑपरेशने वर्षाला किती करता?
३. भूल कोण देणार? रात्री त्रास झाला तर कोण असेल?
४. एकूण खर्च किती? जनआरोग्य योजनेत बसते का?
५. वजन कधी उचलता येईल?

यात उद्धटपणा काही नाही, तो तुमचा हक्क आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवे. ते दिसत नसेल तर मागा.

मात्र फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर ना तारे पाहा ना प्रश्नांची यादी काढा. जवळचे रुग्णालय गाठा. आतडे अडकले असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

मामा इतका वेळ गप्प होते. उठताना त्यांनी एकच विचारले, "डॉक्टर, भट्टीवर परत कधी जाता येईल?" त्या सगळ्या अभिप्रायांत याचे उत्तर नव्हते. पाचही प्रश्न कागदावर लिहून मी भाच्याच्या हातात दिले आणि म्हटले, "ऑपरेशन कुठंही करा. याची उत्तरं द्यायला ज्याला वेळ नाही, तिथून मात्र उठून या."