गणना झाली, परीक्षेचे काय?

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळाच्या तडाख्यात मुंबईत शेकडो वृक्ष कोसळले. अशा आपत्तीनंतर पोकळ दिसेल ते झाड तोडावे, अशी मागणी होते. ती स्वाभाविक असली तरी शास्त्राला धरून नाही.

वाऱ्याचा ताण बुंध्याच्या बाह्य भागावर सर्वाधिक पडतो. त्यामुळे व्यासाच्या ७० टक्के भाग पोकळ झाला, तरी भोवतालचे कवच अखंड व निरोगी असल्यास वाकण्यास विरोध करणारी सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती शिल्लक राहते. फुगवटे, चिरा, बुंध्यावरील अळंबी या लक्षणांवरून वृक्षाची प्रकृती ओळखण्याची पद्धत जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटहेक यांनी रूढ केली. शंका आल्यास हातोडीचा नाद आणि ध्वनिलहरींची यंत्रे साह्याला आहेतच.

खरा घात बहुधा जमिनीखाली होतो. केबलसाठी चर खणताना मुळे तुटतात, बुंध्याला काँक्रीटचा फास बसतो. वरून हिरवेगार दिसणारे झाड मग एका झंझावातात आडवे होते. एकाच बाजूच्या फांद्या छाटल्याने त्याचा तोलही जातो.

१९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर ठराविक काळाने वृक्षगणना करण्याची जबाबदारी टाकली आहे. परंतु डोकी मोजणे म्हणजे प्रकृती तपासणे नव्हे. रहदारीच्या रस्त्यांवरील जुन्या वृक्षांची पावसाळ्यापूर्वी जाणकारांकडून तपासणी व्हावी, तिची नोंद नागरिकांना पाहता यावी आणि खोदकामाचा परवाना मुळांचा विचार करूनच दिला जावा. असे झाले तर निष्पाप पादचाऱ्याचा जीव वाचेल, आणि निष्पाप वृक्षाचाही.