जहाजांचे विंच घडवणाऱ्या कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापन

विषय : आरोग्य, सुरक्षा, कंत्राटी कामगार आणि रखडलेला वेतनकरार

महोदय,

आमचे सभासद जहाजाच्या डेकवरची यंत्रे घडवतात आणि दुरुस्त करतात : नांगर उचलणारे विंडलास, जहाज धक्क्याला बांधून ठेवणारे मुअरिंग विंच, कॅप्स्टन. यातले एखादे यंत्र दगा देते तेव्हा त्याच्यासमोर खलाशी उभा असतो. म्हणूनच त्यांचे निकष कडक आहेत. साखळी अडवणारा स्टॉपर असेल तर विंडलासच्या ब्रेकने साखळीच्या तुटण्याच्या ताणापैकी ४५ टक्के ताण पेलला पाहिजे. स्टॉपर नसेल तर ८० टक्के. हा आकडा ड्रॉइंगवर लिहिलेला असतो, पण तो खरा करतात लायनिंग बसवणारा फिटर आणि ड्रम जोडणारा वेल्डर. या मागण्या त्यांच्या आहेत.

मागचा वेतनकरार संपल्यापासून आम्ही पत्रे दिली, बैठकांना बसलो. प्रत्येक वेळी ऑर्डरी नाहीत असे उत्तर मिळाले. ते उत्तर आता टिकत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी जहाजबांधणी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले आहे. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारातल्या दुरुस्तीमुळे जहाज बांधून ठेवण्याच्या सामग्रीची तपासणी व देखभाल १ जानेवारी २०२४ पासून जुन्या-नव्या सर्व जहाजांना लागू झाली. नांगर हाताळणाऱ्या विंचसाठीचे नवे नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. या तिन्हींमुळे काम वाढणार आहे, आणि ते आमच्याच हातांनी होणार आहे.

सर्वांत आधी ब्रेक लायनिंग. जहाजावर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवण्यास १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी आहे. पण त्याआधीची जहाजे अजून चालू आहेत, आणि त्यांचे विंच दुरुस्तीला आमच्याकडे येतात. जुने लायनिंग आमचेच सभासद उपटतात, रिव्हेट तोडतात, बँड घासतात आणि उरलेली भुकटी हवेच्या नळीने उडवतात. ती भुकटी कशाची, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ॲस्बेस्टॉसने होणारे फुप्फुसाचे रोग कित्येक वर्षांनी, बहुधा निवृत्तीच्या सुमारास किंवा नंतर डोके वर काढतात. तोवर कारखान्याच्या नोंदवहीत त्या माणसाचे नावही उरलेले नसते. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीस लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी.

तेच माप येथे लावावे. २०११ पूर्वीच्या प्रत्येक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम द्यावे; प्रयोगशाळेचा लेखी दाखला आला तरच सूट. लायनिंग ओले करून काढावे, त्या जागी हवेची नळी पूर्ण बंद करावी, बारीक तंतू अडवणारे मास्क द्यावेत, आणि कामाचे कपडे घरी न नेता कारखान्यातच धुवावेत. आजवर हे काम केलेल्या सर्वांची, निवृत्त सभासद धरून, छातीचा एक्स-रे व श्वसनक्षमतेची तपासणी दरवर्षी कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि अहवाल कामगाराच्या हाती मिळावा. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. महिनाभरात हे सुरू करता येईल.

दुसरी गोष्ट, जहाजावर जाणारे सर्व्हिस फिटर. विंडलासच्या कामासाठी त्यांना चेन लॉकरमध्ये, म्हणजे नांगराची साखळी साठवण्याच्या बंद खोलीत, उतरावे लागते. साखळीवर चढणारा गंज हवेतला ऑक्सिजन खातो. आत ना वास येतो, ना धूर दिसतो. माणूस शिडीवरून उतरता उतरता कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही तिथेच पडतो. जहाजाच्या अधिकाऱ्याने सही केलेला परवाना आम्हाला पुरेसा नाही. प्रत्येक पथकाकडे स्वतःचा वायुमापक असावा. ऑक्सिजन २०.९ टक्के दिसल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, आणि आत माणूस असेतो तोंडाशी दुसरा माणूस उभा राहील. म्हणजे एकट्या फिटरला पाठवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. हायड्रॉलिक विंचवरही असाच न दिसणारा धोका आहे : दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून कातडीत घुसते. दाब उतरवल्याची खात्री झाल्याशिवाय पाइप सोडायला सांगू नये. धोका दिसला म्हणून काम नाकारणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये, हे करारात लेखी हवे.

टेस्ट बेडबद्दल थोडक्यात. विंडलास ठरलेल्या ताणावर ३० मिनिटे चालवून, पुढे किमान दीडपट ताण २ मिनिटे देता आला पाहिजे. अशा वेळी वायर तुटली तर तिच्या फेऱ्यात उभा असलेला माणूस वाचत नाही. चाचणी जाळीआडून चालवावी, वायरच्या रेषेत कोणी नसावे, आणि चाचणी थांबवण्याचा अधिकार तिथल्या प्रत्येक कामगाराला असावा. सर्व्हेअर वाट पाहत आहेत, हे चाचणी पुढे रेटण्याचे कारण होऊ शकत नाही.

कंत्राटी कामगारांविषयी आमची भूमिका स्पष्ट आहे. एकाच ड्रमवर, एकाच पाळीत, तेच वेल्डिंग करणाऱ्या दोघांना दोन दर असू शकत नाहीत. ठेकेदार बदलला तरी माणूस तोच राहतो, मग त्याची सेवा दरवेळी शून्यापासून का मोजावी? ज्यांनी १२ महिन्यांत २४० दिवस काम केले आहे त्यांना कायम करावे. एकदम शक्य नसेल तर सेवाज्येष्ठतेनुसार तीन टप्प्यांत, १८ महिन्यांच्या आत. तोवर समान कामाला समान वेतन.

जादा कामाला दुप्पट दर कायद्यानेच ठरला आहे. जहाजावरच्या कामात लाँचची वाट पाहण्याचे आणि प्रवासाचे तासही कामाचेच धरावेत. वेतनकरार तीन वर्षांचा असावा. मूळ वेतनात पहिल्या वर्षी १२ टक्के, पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी ६ टक्के वाढ मिळावी, आणि करार मागील करार संपल्याच्या तारखेपासून लागू व्हावा. थकबाकी तीन हप्त्यांत घेण्यास आम्ही तयार आहोत. आरोग्य व सुरक्षेच्या मागण्यांत मात्र हप्ते नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत, निर्णयाचा अधिकार असलेल्या प्रतिनिधींसह बैठक बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास प्रकरण समेट अधिकाऱ्यांकडे नेले जाईल, आणि पुढील कोणत्याही पावलापूर्वी कायद्याने सांगितलेली १४ दिवसांची नोटीस दिली जाईल. लायनिंगचे काम मात्र वरील व्यवस्था होईपर्यंत आमचे सभासद आजपासून कोरडे करणार नाहीत.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस, कामगार संघटना