जामीन झाला, सुटका कुठे?

दिवाळी तोंडावर आली आणि शिरूर-दौंड पट्ट्यात घरफोडी झाली, की लोकांच्या तोंडी पहिलं नाव पारध्यांचं येतं. पुरावा मागाहून. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का पुसला गेला, पण कागदावरूनच. तुरुंग नियमावल्यांतल्या त्याच्या खुणा काढायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला, तोही सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी दार ठोठावलं म्हणून.

संशय किती महाग पडतो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००३च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी सुनावली आणि ५ मार्च २०१९ला त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांना प्रत्येकी पाच लाख मिळाले, पण खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. म्हणजे ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनाही न्याय मिळाला नाहीच.

अशा खटल्यांची निदान बातमी होते. रोजचा अन्याय मात्र किरकोळ चोरीच्या खटल्यात, जामिनाच्या हुकमानंतर सुरू होतो. ‘पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.’ वकील म्हणतो, झालं काम. पण जामीनदाराकडे सातबारा हवा, नाहीतर पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला. पालावर राहणाऱ्याच्या नावे सातबारा कुठून येणार? रांजणगावच्या कारखान्यातला कामगार पारध्यासाठी पगारपत्रक पुढे करील? (आपण केलं असतं का, हेही विचारून पाहावं.) सोयरे असतात, पण घोडनदीपलीकडे, भीमेपलीकडे श्रीगोंद्यात. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, आणि ‘बाहेरचा जामीनदार’ म्हणून मान हलते. खरं तर याच मुद्द्यावर १९७८मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाचे कान उपटले होते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला गेला होता.

आरोपी पळाला तर पुन्हा शोधायचं कुणी, हा पोलिसांचा सवाल खोटा नाही. पण ज्याच्याकडे वकिलाची फी नाही तो पळून जाणार तरी कुठे? आणि जमीनदाराचा मुलगा पळतच नाही, असं कुणी सांगितलं?

जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि महिना उलटला तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३चे निर्देश आहेत. शिरूर आणि दौंडच्या तालुका विधी सेवा समित्यांकडे आमचं एवढंच मागणं: जामीन होऊनही आत असलेल्या आपल्या तालुक्यातल्या माणसांची यादी मागवा, आणि कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत ती न्यायाधीशांपुढे ठेवा.